सहा तासांचा उजेड

दोन टाक्या एकमेकींना चिकटून ठेवल्या होत्या. दोन्हींच्या तळाला काळी वाळू आणि दोन्हींत निऑन टेट्राचा घोळका. डावीकडच्या माशांच्या अंगावरची निळी रेघ डोळ्यांत घुसेल इतकी झळकत होती. उजवीकडे तीच रेघ जरा हिरवटाकडे झुकलेली, शांत होती, पण शेपटीकडचा लाल पट्टा चांगला भरदार दिसत होता. शाळेच्या गणवेशातल्या एका मुलाने डाव्या काचेवर बोट ठेवून विचारलं, "हे जास्त महागातले आहेत का?" जाळीने मासे पकडत असलेल्या तरुणाने मान वर न करताच सांगितलं, "मासे एकाच पिशवीतून आलेत रे. लाइट वेगळा आहे."

क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातल्या त्या दुकानापाशी मी केवळ गर्दीतून वाट काढताना थबकले होते. त्या उत्तरामुळे आत गेले आणि नंतरही जात राहिले. 1951 साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं तेव्हापासून मुंबईतल्या कितीतरी पिढ्यांनी काचेमागचा मासा पहिल्यांदा तिथे पाहिला. आज तो मासा दिवाणखान्यात, दवाखान्यात, जिन्याखालच्या कोपऱ्यातही असतो आणि त्याच्या डोक्यावर एलईडीची पट्टी असते. ही पट्टी निवडायचं काम किरकोळ वाटतं. गिऱ्हाईक पाच मिनिटांत उरकतं. त्या पाच मिनिटांचा भार पुढे कोण उचलतं, ते मला त्या तरुणाबरोबर हिंडल्यावर दिसलं.

तो मूळचा कुडाळकडचा. सकाळी दुकानात असतो, दुपारनंतर घरोघरी टाक्या साफ करायला जातो. हातात झाकणाची बादली आणि बादलीत सायफनचा पाइप, जुने टूथब्रश, दाढीची ब्लेडं, अँटी-क्लोरीनची बाटली, दोन टॉवेल. बोटांची टोकं कायम पांढुरकी, सुरकुतलेली. गिऱ्हाइकं त्याला दादा म्हणतात, तो बायकांना काकू किंवा ताई म्हणतो आणि पुरुषांना सर. मलाही ताईच म्हणायचा.

लाइट घ्यायला आलेल्या माणसाला तो वॉट विचारत नाही. गिरगावातले एक निवृत्त गृहस्थ नातीला घेऊन आले होते. त्यांना तीन प्रश्न विचारले. झाडं खरी आहेत की प्लास्टिकची? टँक किती खोल? आणि घरी साफसफाई कोण करतं? या तिसऱ्या प्रश्नावर गृहस्थ गोंधळले. "का हो? मीच करतो." "मग साधा घेऊ या सर," तो म्हणाला आणि मागच्या फळीवरून एक करड्या रंगाची, बिनरिमोटची पट्टी काढली. नातीचं लक्ष पुढच्या रिमोटवाल्या लाइटवर होतं. तो सोळा रंगांचा होता, बटण दाबलं की गुलाबी, दाबलं की जांभळा.

साधा का, ते त्याने मापून दाखवलं. त्याच्याकडे एक स्वस्तातला लक्समीटर आहे. मीटरचं वाटोळं टोक त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून रबरबँडने घट्ट बांधलं आणि दोन फुटी टाकीत तळापर्यंत सोडलं. मधोमध आकडा 2800च्या आसपास स्थिरावला. कोपऱ्यात सरकवला तर 1100. वाळूपासून वीतभर वर आणला तर चार हजारांच्या वर. टाकी तीच, लाइट तोच. दिव्यापासूनचं अंतर आणि बाजूचा कोन यांनी एवढा फरक पडतो, आणि खोक्यावर याबद्दल एक अक्षर नसतं. तिथे छापलेलं असतं 20 वॉट, 6500 के.

हा 'के' म्हणजे केल्विन. 2700 म्हणजे पिवळसर, 6500 म्हणजे भर दिवसासारखा पांढरा, 10000च्या पुढे निळसर. उजेड डोळ्यांना कसा दिसेल एवढंच हा आकडा सांगतो. वॉट म्हणजे विजेचा खप. झाडाच्या पानावर किती पडेल ते दोन्हींत नाही. लक्सही खरं तर माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेलं माप आहे. आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या जवळपासच्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त किंमत देतो, म्हणून मीटरही देतो. झाडांना 400 ते 700 नॅनोमीटरमधला सगळाच प्रकाश चालतो, आणि त्याचं माप वेगळं, 'पार' नावाचं. पारचा मीटर परदेशी बनावटीचा आणि हजारो रुपयांचा. भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका गिऱ्हाइकाने त्याला एक तोडगा सांगून ठेवला आहे. 6500 केल्विनच्या पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला साधारण 70ने भागायचं. म्हणजे 2800 लक्स असतील तर 40 पार. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन या मंद उजेडातल्या झाडांना 20 ते 40 भरपूर झाले. जमिनीवर गालिच्यासारखं पसरणारं गवत किंवा लाल पानांची झाडं हवी असतील तर 80-100च्या पुढे जावं लागतं.

"आणि निळ्या लाइटखाली हा हिशोब करायचा नाही," त्याने बजावलं. त्याने रिमोटवाला लाइट निळ्यावर नेला. मीटरवरचा आकडा धाडकन खाली आला. डोळ्याला निळं कमी दिसतं, तसं मीटरलाही कमीच दिसतं. हरितद्रव्य मात्र निळा प्रकाश आवडीने शोषतं. आकडा छोटा दिसतो म्हणून लोक निळा लाइट रात्रभर चालू ठेवतात, आणि शेवाळ रात्रभर जेवतं. हे त्याचेच शब्द.

निळ्याचा हा मुद्दा मुळापासून आहे. पांढरा प्रकाश देणारी एलईडी मुळात निळीच असते, तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप असतो. निळ्याचा काही भाग तसाच बाहेर पडतो, उरलेला पिवळा होऊन येतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे वाटतात. तेजस्वी निळी एलईडी हाती येईपर्यंत 1990चं दशक उजाडलं. त्या कामाबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. टाक्यांच्या जगात अमानो म्हटलं की दुसराच माणूस डोळ्यांपुढे येतो. ताकाशी अमानो, जपानचा छायाचित्रकार, ज्याने काचेच्या पेटीत दगड, लाकूड आणि जिवंत झाडं मांडून रान उभं करायची रीत जगभर नेली. तो 2015 साली गेला. दुकानाच्या भिंतीवर त्याच्या धाटणीच्या टाकीचं पोस्टर आहे आणि गिऱ्हाइकं त्याकडे बोट दाखवून म्हणतात, असं करून द्या. त्या पोस्टरमागे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असतो, खताचं रोजचं माप असतं, आठवड्याची छाटणी असते. यांतलं काहीच पोस्टरवर दिसत नाही. दिसतो फक्त उजेड, म्हणून माणूस उजेड विकत घेतो.

याचा परिणाम मी दादरच्या एका घरात नाकाने अनुभवला.

झाकण उचललं आणि वास आला. ओल्या मातीचा, कुबट, जिभेवर रेंगाळणारा. मासे मेल्याचा हा वास नव्हे. वाळूवर, झाडांच्या बुंध्यांवर, फिल्टरच्या नळीवर निळसर हिरवी, चिकट साय पसरली होती. त्याने सायफनचं तोंड तिच्या कडेला लावलं तर अख्खा पापुद्रा सोलून निघाला आणि बादलीत जाऊन पडला. "याला शेवाळ म्हणतात, पण शेवाळ नाही. जिवाणू आहेत," तो म्हणाला. बरोबर होतं ते. हे सायनोबॅक्टेरिया. हरितद्रव्य असलेले जीव, शेवाळापेक्षा कितीतरी जुने. पाणी साचून राहिलं, तळाशी खाणं कुजलं आणि उजेड भरपूर मिळाला की ते अंथरूण घालतात. त्या घरातून निघाल्यावर लोकलमध्येही तो वास माझ्या ओढणीला होता, आणि नंतर कोणतीही झगझगीत टाकी पाहिली की मला आधी तो आठवू लागला.

"काकू, लाइट किती वेळ चालू असतो?" काकूंनी सरळ सांगितलं. सकाळी सातला लावते, रात्री झोपताना बंद करते. म्हणजे सोळा तास. नवा लाइट, दोन फुटी टाकीवर 36 वॉट, मुलाने हौसेने आणलेला. टाकीत कार्बन डायऑक्साइड नाही, खत नाही, मोजकी झाडं. कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. उजेड पडला की झाड तो मागतं, आणि त्याला तो मिळत नाही. चूल भडकली आहे आणि भांड्यात तांदूळच नाहीत, अशी झाडाची गत होते. शिल्लक उजेड मग ज्यांचं थोडक्यात भागतं त्यांच्या वाट्याला जातो. काचेवरचे हिरवे ठिपके, पानांच्या कडांवरचे काळे केस, वाळूवरची ही साय.

सायफन केला, एकतृतीयांश पाणी बदललं, फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळला. मग त्याने काकूंकडे जुनी चादर मागितली. टाकी चारही बाजूंनी झाकली, हवेचा पंप तेवढा चालू ठेवला. "तीन दिवस उघडायचं नाही. खाणंही नको. मासे उपाशी मरत नाहीत." काकूंचा जीव खालीवर होत होता. "आणि नंतर?" "नंतर सहा तास."

सहा तास. हा आकडा मी त्याच्या तोंडून इतक्या घरांत ऐकला आहे की तो बोलायच्या आधी मला ऐकू येऊ लागला. काकू म्हणाल्या, "पण संध्याकाळी लोक येतात तेव्हा टाकी काळोखात कशी ठेवू?" त्यावर त्याने खिशातून तीन-चारशे रुपयांना मिळणारा, गोल चकतीचा टायमर काढला आणि पाच ते अकरा लावून दिला. सहा तास, तेही माणसं घरी असताना. दिवसभर टाकीला खिडकीतला उजेड पुरतो. मग त्याने लाइट काचेवरून उचलून दोन लाकडी ठोकळ्यांवर चार इंच वर ठेवला. 36 वॉट परत करता येत नव्हते. उंची वाढवून आणि वेळ कमी करून त्याने त्यांचा मारा निम्म्याच्याही खाली आणला.

काकू महिन्याला ठरावीक पैसे देतात. सगळीच घरं देतात. शेवाळ बोटभर असो की वीतभर, रक्कम तीच. खोक्यावर मोठा आकडा बघून कुणी मोठा लाइट घेतला की त्याचा प्रत्येक जादा वॉट या माणसाच्या मनगटातून वसूल होतो. हिरवे ठिपके ब्रशने निघत नाहीत. ते ब्लेडने, काचेशी चपटा कोन धरून, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून खरवडावे लागतात. मी शेजारी स्टुलावर बसून पाहिलं आहे. एका बाजूची काच झाली की तो हात बाहेर काढून बोटं मिटतो, उघडतो आणि पुन्हा आत घालतो. लाइट विकताना साफसफाई कोण करतं हा प्रश्न प्रत्येक दुकानाने विचारायला हवा, असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं.

एलईडीबद्दल त्याला राग नाही, मलाही नाही. ट्यूबच्या काळात झाकणाखाली दोन ट्यूब आणि चोक तापायचे, आणि मे महिन्यात आधीच तिशीपार गेलेलं पाणी आणखी चढायचं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडीमिट करायचे. एलईडीही तापते, पण तिची उष्णता पाठीमागच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीतून वर जाते. वीजही कमी लागते. 20 वॉटचा लाइट रोज सहा तास म्हणजे महिन्याला साडेतीन युनिटांच्या आसपास. शिवाय चांगल्या लाइटला डिमर असतो, आणि ती खरी कामाची गोष्ट आहे. माशांना पापण्या नसतात. काळोख्या खोलीत खटकन पूर्ण उजेड पडला की ते काचेवर आपटतात, काही जाती टाकीबाहेर उडी घेतात. उजेड अर्ध्या तासात हळूहळू चढला तर हे टळतं. सोळा रंगांपेक्षा या एका सोयीला पैसे मोजावेत, असं तो प्रत्येकाला सांगतो. ऐकणारे थोडे.

खोक्यावरचा आणखी एक आकडा म्हणजे 50000 तास. रोज सहा तासांनी हे बावीस वर्षांच्या वर जातं. पण हे आयुष्य चिपचं, आणि तेही उजेड सुमारे 70 टक्क्यांवर येईपर्यंतचं. चिपला वीज पुरवणारा ड्रायव्हर टाकीच्या वाफेत बसलेला असतो. दुकानाच्या मागच्या टेबलावर त्याने एक बंद पडलेली पट्टी उघडून दाखवली. डाग दिलेल्या टोकांवर हिरवट गंज होता, ड्रायव्हरमधला एक कपॅसिटर डोक्यावर फुगला होता, आणि चिपा सगळ्या शाबूत. मल्टिमीटरची टोकं लावून त्याने एकेक चिप मिणमिणवून दाखवली. लोहार चाळीतून नवा ड्रायव्हर आणला, तो यावेळी टाकीबाहेर वायर काढून भिंतीवर लावायचं ठरवलं आणि पट्टी पुन्हा पेटली. लोक अशा पट्ट्या सर्रास फेकून देतात. लाइट घेताना ड्रायव्हर बाहेर आहे का हे बघा, असा सल्ला मी आता ओळखीच्यांना देते.

सहा तासच का, असं मी त्याला एकदा विचारलं. उष्ण कटिबंधात दिवस तर बारा तासांचा असतो. तो तेव्हा सिंगापूरहून आलेल्या झाडांची पाकिटं सोडत होता. त्यातलं अरुंद, लाटदार पानांचं एक क्रिप्टोकोरिन उचलून हातात धरलं आणि एकदम गावच्या बोलीत म्हणाला, "ह्यां तर आमच्या व्हाळात असता." क्रिप्टोकोरिनच्या काही जाती कोकणातल्या व्हाळांत, म्हणजे ओढ्यांत, वाढतात, त्यांतली एक तर जगात फक्त कोकणातच आहे. लाल पानांसाठी नावाजलेली रोटाला मॅक्रँड्राही आपल्याच दक्षिणेकडच्या पश्चिम किनाऱ्याची. ही झाडं परदेशच्या बागांत वाढून, पाकिटबंद होऊन परत येतात. "व्हाळावर झाडोरा असतो ताई," तो सांगू लागला. "सकाळचं ऊन डोंगरामागे, संध्याकाळचं माडांमागे. मधल्या वेळेत पाण्यावर कवडसे पडतात तेवढेच. पावसात तर पाणी गढूळ, तळाला काळोखच. तिथे वाढतं हे. मग इथे सोळा तास कशाला?" लहानपणी त्या व्हाळात खेकडे पकडताना हीच पानं त्याच्या पायांना लागत होती. सहा तासांचा आकडा त्याने कुणाकडून ऐकला असेल, पण त्याची खात्री पटलेली आहे ती त्या व्हाळामुळे, असं मला त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. जाणकारही नव्या टाकीला सहा ते आठ तासच सुचवतात.

दुकानाच्या मालकांचं, शेठचं, म्हणणंही ऐकून घेतलं. "माणूस डोळ्यांनी घेतो," ते म्हणाले. "इथे झळकणारा मासा घरी फिका दिसला की भांडायला माझ्याकडेच येतो. म्हणून त्याला लाइटही तोच देतो." फ्लॉवरहॉर्नच्या टाक्यांवर त्यांनी गुलाबी लाइट लावले आहेत आणि त्यात माशाचं कपाळ लालबुंद दिसतं. त्यांचा धंदा मला कळतो. तरी मी त्यांच्या बाजूची नाही. निऑनच्या त्या निळ्या रेघेत रंगद्रव्य नसतं. तिथल्या पेशींत ग्वानिनच्या अतिशय पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात, त्यांच्यावरून परतणारा प्रकाश निळा होऊन येतो. रात्री मासा विसावला की ही रेघ आपोआप जांभळट, मळकी होते. अॅमेझॉनच्या खोऱ्यात पानांच्या अर्काने तांबूस झालेल्या, अंधाऱ्या पाण्यात हा मासा राहतो. मध्यरात्रीपर्यंत निळ्या दिव्याखाली ठेवून आपण त्याची रात्रच काढून घेतो. काळी वाळू, थोडी तरंगती पानं आणि मंद पांढरा उजेड दिला तर त्याचा रंग खुलतो, आणि तो दुकानातून घरी गेला तरी तसाच राहतो. उजवीकडची टाकी नेमकी तशी होती. ती त्या तरुणाने लावली होती.

गिरगावचे गृहस्थ शेवटी करडी पट्टीच घेऊन गेले. नातीसाठी त्याने एक मोठी गोगलगाय फुकट दिली, शेठ बघत असतानाच. पैसे देऊन झाल्यावर त्याने खोकं पुन्हा ओढून घेतलं आणि छापील आकड्यांच्या खाली जाड मार्करने लिहिलं, '2 फूट. उंची 4 इंच. 5 ते 11.' विकलेल्या प्रत्येक लाइटवर तो असं लिहितो. खोक्यावर खरडलं की बदलून देताना कंपनी कटकट करते, असं शेठ पूर्वी म्हणायचे. पण लिहिलेली खोकी परत येईनात, तेव्हा त्यांचं बोलणं थांबलं. रिमोटवाल्या लाइटांवर लिहायला अजून परवानगी नाही. ते शेठ स्वतः विकतात.